त्या मुलाचं पुढे काय झालं?

प्रश्न: माझा मुलगा आठवीत आहे. जूनमध्ये त्याच्या वर्गात एक नवीन मुलगा आला. आजीजवळ राहायचा. अबोल, पण बुद्धिबळात एकदम तयार. माझ्या मुलाला तोवर जवळचा असा मित्रच नव्हता. या मुलामुळे तो बोलायला लागला, वाचायला लागला, संध्याकाळी मोबाइल टाकून त्यांच्या ओट्यावर पट मांडून बसायला लागला. पुढे कळलं, की त्या मुलाचे वडील तुरुंगात आहेत. ही गोष्ट त्यानं फक्त माझ्या मुलाला सांगितली होती आणि माझ्या मुलानं मला. मी म्हटलं, 'जरा जपून. तसल्या घरात फार जाऊ नकोस.' सहामाही परीक्षेच्या सुमारास माझ्या मुलानं ती गोष्ट वर्गातल्या आणखी एकाला सांगितली, 'कुणाला बोलू नकोस' असं बजावून. आठवड्याभरात सगळीकडे झालं. चिडवाचिडवी झाली, मारामारी झाली. बाईंनी त्या मुलालाच वर्गासमोर उभं करून विचारलं. दिवाळीनंतर तो शाळेत आलाच नाही. आजीनं त्याला मामाकडे दुसऱ्या गावी ठेवलंय.

माझ्या भावाला जुने चित्रपट पाहायची आवड आहे. त्यानं मुलाला एक फ्रेंच चित्रपट दाखवला. महायुद्धाच्या काळातली शाळा, दोन मुलांची मैत्री, त्यातला एक ज्यू. शेवटी जर्मन त्याला पकडून नेतात. त्या रात्रीपासून पोराचं जेवणात लक्ष नाही. बुद्धिबळाचा पट माळ्यावर टाकून दिलाय. म्हणतो, 'मीपण मागे वळून पाहिलं.' आणि सारखं एकच विचारतो, 'त्या मुलाचं पुढे काय झालं? मोठेपणी?' मी शंभरदा सांगितलं, की तुझी काही चूक नाही. ऐकतच नाही. मुलांना असे चित्रपट दाखवावेत का? भावाचं चुकलं का?
एक आई, सांगली जिल्हा

उत्तर:

ताई,

तुमच्या मुलाच्या प्रश्नापासून सुरुवात करते. तो रोज विचारतोय आणि त्याला उत्तर मिळायला हवं. ज्यू मुलाचा तो मित्र मोठा झाला आणि त्यानंच हा चित्रपट काढला.

चित्रपटाचं नाव 'ओ रव्वार ले झाँफाँ', म्हणजे 'येतो, मुलांनो'. साल १९८७, दिग्दर्शक लुई माल. पडद्यावरचा ज्युलियन म्हणजे बऱ्याच अंशी ते स्वतः. १९४४ च्या जानेवारीत ते अकरा वर्षांचे होते आणि फाँतेनब्लोजवळच्या एका कॅथलिक निवासी शाळेत शिकत होते. फ्रान्स तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता. शाळेचे प्रमुख फादर जाक यांनी तीन ज्यू मुलांना खोट्या नावांनी शाळेत दाखल करून घेतलं होतं. १५ जानेवारीला गेस्टापोची, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांची, माणसं आली आणि त्या तिघांना आणि फादरना घेऊन गेली. मुलं ऑशविट्झच्या नाझी मृत्युछावणीत मारली गेली. फादर जाक माउटहाउझेनच्या छावणीतून जिवंत सुटले, पण शरीर पार खंगलं होतं. सुटकेनंतर महिन्याच्या आत, २ जून १९४५ ला, ते गेले.

हे सगळं पाहिलेला अकरा वर्षांचा मुलगा पुढे मोठा दिग्दर्शक झाला. समुद्राच्या पोटातली दुनिया दाखवणारा माहितीपट त्यानं सागर-संशोधक कूस्तो यांच्याबरोबर केला, त्याला १९५६ मध्ये कान चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. १९६८ मध्ये कॅमेरा घेऊन तो आपल्याकडे आला, महिनोन्‌महिने देशभर फिरला. भारतावरच्या त्याच्या माहितीपट मालिकेचा शेवटचा भाग मुंबईचा आहे. १९७४ मध्ये त्यानं जर्मनांना सामील झालेल्या एका खेडवळ फ्रेंच पोरावर चित्रपट केला. मात्र शाळेतल्या त्या सकाळीवर चित्रपट करायला त्याला १९८७ उजाडलं. खरं तर माझ्या पहिल्याच चित्रपटाचा हा विषय असायला हवा होता, पण मी थांबलो, असं लुई माल यांनी स्वतःच सांगितलंय. त्या सकाळीनं माझं आयुष्य बदललं, कदाचित त्यामुळेच मी दिग्दर्शक झालो, असंही ते म्हणाले. चित्रपटाला व्हेनिस महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, गोल्डन लायन, मिळाला आणि फ्रान्सचे सात सेझार पुरस्कार मिळाले.

हे सगळं मुलाला सविस्तर सांगा. त्याला वाटतंय, की अशा गोष्टीनंतर माणूस संपतो. माणूस संपला नाही. तो ते विसरलाही नाही. शेवटच्या दृश्यात निवेदनाचा जो आवाज येतो, तो माल यांचा स्वतःचा आहे: चाळीसहून अधिक वर्षं झाली, पण जानेवारीतल्या त्या सकाळीचा क्षण न्‌ क्षण मरेपर्यंत माझ्या लक्षात राहील. विसरणं आणि संपणं यांच्या मधली ही वाट तुमच्या मुलाला कुणीतरी दाखवायला हवी, आणि ती तुम्हालाच दाखवता येईल.

आता 'मीपण मागे वळून पाहिलं' या वाक्याकडे येते. ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी तो प्रसंग सांगते. वर्ग चालू आहे. साध्या कपड्यातला गेस्टापोचा माणूस, म्युलर, आत येतो आणि विचारतो, 'किपेलश्टाइन कोण?' कुणी हूं की चूं करत नाही. तो भिंतीवरच्या नकाशाकडे वळतो. युद्धात सैन्यं कुठवर पोचली हे दाखवायला मुलांनी त्यावर टोचलेले बारके झेंडे तो काढून टाकायला लागतो. त्याची पाठ आहे असं समजून ज्युलियन अर्धा क्षण मागे वळतो आणि मित्राकडे, बोने या खोट्या नावानं शाळेत राहिलेल्या मुलाकडे पाहतो. म्युलर नेमका तेव्हाच वळतो. त्याच्या ध्यानात येतं. तो सरळ बोनेच्या बाकाशी जाऊन उभा राहतो. बोने आपल्या वस्तू नीट आवरतो, उठतो आणि आजूबाजूच्या मुलांशी एकेकाशी हात मिळवतो. आरडाओरडा नाही, रडारड नाही. मी हे दृश्य आजही मान खाली न घालता पाहू शकत नाही.

या प्रसंगात ज्युलियननं गुपित फोडलेलं नाही, हे लक्षात घ्या. त्याला ते फार आधी कळलेलं असतं. रात्री झोपायच्या दालनात जाग आली, तेव्हा बोने टोपी घालून, दोन मेणबत्त्या लावून प्रार्थना करताना त्याला दिसलेला असतो. एका पुस्तकात खोडलेलं खरं नावही सापडलेलं असतं. एकदा चिडून त्यानं ते नाव बोनेच्या तोंडावर फेकलंसुद्धा होतं, त्यावरून दोघांची जुंपलीही होती. पण दुसऱ्या कुणाला त्यानं सांगितलं नाही. आणि म्युलर वर्गात आला तो खरं नाव आधीपासून हातात घेऊनच आला होता.

तुमच्या मुलानं मात्र सांगितलं. म्हणून 'तुझी काही चूक नाही' हे तुमचं वाक्य त्याला पटत नाहीये. पोरगं हुशार आहे, प्रामाणिक आहे. आपण काय केलं ते त्याला पक्कं ठाऊक आहे. आई ते नाकारते तेव्हा त्याला वाटतं, की आईला हे ऐकूनच घ्यायचं नाही. मग तो गप्प बसतो. त्यापेक्षा त्याला म्हणा, 'हो, तू सांगायला नको होतंस. मित्राला त्रास झाला.' एवढं बोलून थांबा. पुढे 'पण' लावू नका. तो रडेल, रडू द्या. जवळ बसा.

मात्र चूक जेवढी आहे तेवढीच राहिली पाहिजे. बोनेला मारलं ते नाझी राजवटीनं, ठरवून, यंत्रणा उभी करून. सांगलीतल्या आठवीच्या वर्गातली कुजबुज आणि ऑशविट्झ यांना एका तागडीत टाकणं बरोबर नाही, आणि तेरा वर्षांच्या पोराच्या डोक्यात हे दोन्ही आत्ता एकमेकांत मिसळलेत. ते तुम्ही वेगळं करून द्या. स्पष्ट शब्दांत सांगा, 'तुझा मित्र जिवंत आहे, मामाकडे आहे, शाळेत जातोय.' तुम्हाला हे वेगळं सांगायची गरज वाटली नसेल. त्याला आहे.

पकडून नेण्यापूर्वी बोनेला सामान घ्यायला झोपायच्या दालनात पाठवतात. तिथे ज्युलियन त्याला भेटतो. त्याच्या चेहऱ्यावर सगळं दिसतंय. बोने सामान बांधता बांधता म्हणतो, 'वाईट वाटून घेऊ नकोस. त्यांनी मला तसंही पकडलंच असतं.' मग तो आपली पुस्तकं ज्युलियनला देतो, म्हणतो, 'घे, माझी वाचून झालीत.' ज्युलियन गादीखालून 'अरेबियन नाइट्स' काढून त्याच्या हातात ठेवतो. तेच पुस्तक, जे तो रात्री टॉर्चच्या उजेडात चोरून वाचायचा.

'वाईट वाटून घेऊ नकोस' हे कोण म्हणतंय ते पाहा. ज्याचं नुकसान झालं तो म्हणतोय. ते म्हणायचा अधिकार त्याचा होता. ज्युलियनच्या आईनं म्हटलं असतं, फादरांनी म्हटलं असतं, तरी त्याला तेवढं वजन आलं नसतं. तुम्ही शंभरदा म्हणालात आणि उपयोग झाला नाही, त्याचं कारण मला हेच दिसतं. ती माफी तुमच्याकडची नाहीच. मित्राकडची आहे, आणि तो ती देईल किंवा देणारही नाही.

म्हणून मुलाला मित्राला पत्र लिहू द्या. फोन नको, व्हॉट्सॲप तर नकोच. कागदावर, त्याच्या अक्षरात. आधी तुम्ही त्या आजींना जाऊन भेटा. एकट्या जा, मुलाला बरोबर नेऊ नका. हात जोडून सांगा, की माझ्या मुलाकडून चूक झाली, त्याला पत्र लिहायचंय, तुम्हाला चालेल का. आजी नाही म्हणाल्या तर ते नाही मान्य करा, थोड्या दिवसांनी पुन्हा विचारा. हो म्हणाल्या तर पत्र बंद पाकिटात घालून त्यांच्याच हातात द्या, म्हणजे वाटेत कुणी वाचणार नाही. पत्रात वडिलांचा उल्लेख नको, तुरुंग हा शब्द नको. 'तू मला विश्वासानं सांगितलंस आणि मी दुसऱ्याला बोललो. मी चुकलो. तुला उत्तर द्यावंसं वाटलं नाही तरी चालेल.' एवढं पुरे. 'मला माफ कर' असं आर्जव नको. त्यानं समोरच्या मुलावर आणखी एक ओझं पडतं, आणि त्यानं या वर्षात ओझी पुष्कळ उचललीत. मसुदा तुमचा मुलगाच करील. शुद्धलेखनाच्या चुका राहिल्या तरी त्यात हात घालू नका.

आता जोसेफबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण चित्रपट पाहून बाहेर पडलेले बरेच लोक त्याला विसरतात आणि फक्त ती नजर लक्षात ठेवतात. जोसेफ हा शाळेच्या स्वयंपाकघरातला पोऱ्या. लंगडा, गरीब, सगळ्यांनी हिणवलेला. बड्या घरातली मुलं घरून आलेला जॅमबिम त्याला देतात आणि त्याच्याकडून सिगारेटी, पोस्टाची तिकिटं घेतात. काळा बाजारच तो. एक दिवस तो चोरीत सापडतो. फादर त्याला तिथल्या तिथे काढून टाकतात. ज्यांनी त्याच्याशी व्यवहार केला त्या मुलांना, ज्युलियन धरून, फक्त सुट्टीबंदी होते. त्यांना काढलं तर आईबाप दुखावतील. हा अन्याय आहे हे फादरांनाही कळतं, ते तसं बोलूनही दाखवतात. आणि मग तोच जोसेफ गेस्टापोला जाऊन सगळं सांगतो. नंतर अंगणात तो ज्युलियनला म्हणतो, 'मी तुमच्याशी धंदा केला नसता तर त्यानं मला हाकललंच नसतं.' जोसेफनं केलं ते भयंकर आहे. पण त्याला तिथवर ढकलण्यात सगळ्या शाळेचा हातभार आहे, अगदी जिवावर उदार होऊन मुलं वाचवणाऱ्या फादरांचासुद्धा.

तुमच्या पत्रातल्या प्रसंगातही मोठी माणसं आहेतच, ताई. त्या बाईंनी चिडवणाऱ्यांना जाब विचारायचा सोडून त्या मुलाला वर्गासमोर उभं केलं. हे फार चुकलं. मुख्याध्यापकांना भेटून हे सांगा, शांतपणे, पण लेखी द्या. तो मुलगा आता त्या शाळेत नाही म्हणून सोडून देऊ नका. तुरुंगात असलेल्या माणसांची मुलं प्रत्येक शाळेत असतात, आणि त्यांनी कुठलाही गुन्हा केलेला नसतो.

आणि तुम्ही. हे लिहिताना मला तुमच्याबद्दल माया वाटतेय, म्हणून स्पष्ट लिहिते. तुमच्या मुलाला ते गुपित जड झालं तेव्हा तो सगळ्यात आधी तुमच्याकडे आला होता. तुम्ही म्हणालात, 'तसल्या घरात फार जाऊ नकोस.' त्या दिवशी त्याला कळलं, की याविषयी आईशी बोलता येणार नाही. पण मनातलं जड गेलं नव्हतं. मग त्यानं ते वर्गातल्या मुलाकडे नेलं. सगळा दोष तुमच्यावर टाकायचा म्हणून हे लिहीत नाही. पण मुलाला 'तू चुकलास' असं म्हणाल, तेव्हा त्याच बैठकीत 'मीपण चुकले' असं म्हणा. तो तुमच्याकडे बघेल. बहुतेक त्या रात्री जेवेल.

चित्रपटातही एक आई आहे. देखणी, हसरी, मुलांवर जीव टाकणारी. सुरुवातीला स्टेशनवर ज्युलियन तिला बिलगतो, तेव्हा ती म्हणते, की वाटतं मुलाचे कपडे घालून तुझ्याबरोबर शाळेत यावं. पुढे ती मुलांना आणि बोनेला घेऊन हॉटेलात जेवायला जाते. फ्रेंच मिलिशियाची, म्हणजे जर्मनांना साथ देणाऱ्या सशस्त्र दलाची, माणसं तिथल्या एका वयस्कर, इतमामानं बसलेल्या ज्यू गृहस्थांना उठवायला बघतात. वातावरण तापतं. ज्युलियन निरागसपणे विचारतो, 'आपण ज्यू आहोत का?' आईला हसू येतं. ज्यूंविरुद्ध माझं काही नाही, असं ती म्हणते, आणि लगेच पुस्ती जोडते, की तो लेओं ब्लूम मात्र फासावर गेला तरी चालेल. ब्लूम म्हणजे फ्रान्सचे माजी पंतप्रधान, ज्यू. त्याच टेबलाशी बोने बसलाय. खाली मान घालून जेवतोय. ती बाई वाईट नाही. तिच्या ओळखीपाळखीचे सगळे असंच बोलतात, म्हणून तीही बोलते. 'तसल्या घरातली' हा शब्द आपल्या तोंडी असाच येतो. समोर त्या घरातलं कुणी बसलंय का, हे आपण पाहतही नाही.

मामांबद्दल, म्हणजे तुमच्या भावाबद्दल, विचारलंत. चित्रपट दाखवला यात मला चूक दिसत नाही. त्यात मारझोड जवळजवळ नाही, रक्त नाही. तेरा वर्षांच्या मुलाला तो पेलतो. चुकलं असेल तर एवढंच, की पाहून झाल्यावर त्याला एकट्याला सोडलं. अशा चित्रपटानंतर मुलाबरोबर कुणीतरी मोठं माणूस बसायला हवं, चहा घेत, घाई न करता. ते आता करा. तिघं मिळून पुन्हा पाहा, आणि या वेळी फक्त शेवट नको, मधलंही पाहा. हवाई हल्ल्याच्या वेळी बाकी सगळे तळघरात पळतात आणि ही दोघं संगीताच्या खोलीत राहून एकाच पियानोवर चार हातांनी धमाल गाणं वाजवतात. जंगलातल्या खेळात वाट चुकतात, अंधार पडतो, घाबरतात, आणि शेवटी जर्मन सैनिकच त्यांना ब्लँकेटमध्ये गुंडाळून गाडीतून शाळेत आणून सोडतात. सुरुवातीला ज्युलियनला हा नवा मुलगा डोळ्यांसमोर नको असतो. तो गणितात पुढे, पियानोत पुढे, मास्तरांचा लाडका. आणि काही आठवड्यांत तोच त्याचं जग मोठं करून जातो. तुमच्या मुलानं फक्त अपराध लक्षात ठेवलाय. मैत्री केवढी होती हेही त्याला आठवायला हवं. माळ्यावरचा पट तुम्ही काढू नका, त्याचा तो काढील तेव्हा काढू दे. पण पहिली चाल कशी करायची ते मामांनी त्याला एकदा विचारावं. मित्रानं शिकवलेलं सगळं तो सांगेल.

एक गोष्ट मात्र अंगावर काढू नका. आणखी दोन आठवडे जेवणझोप अशीच राहिली, शाळा बुडायला लागली, किंवा 'मी नसतो तर बरं झालं असतं' अशा अर्थाचं तो काही बोलला, तर त्याच दिवशी समुपदेशकाकडे न्या. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आजींकडे याच आठवड्यात जाऊन या. त्या काय म्हणाल्या ते मला कळवा. पत्राचा मसुदा मला पाठवू नका, तो त्या दोन मुलांमध्येच राहू द्या.